कोपऱ्यातली दोन मिनिटे

मुलांना वळण लावण्यासाठी आमच्या पिढीजवळ दोनच औषधे होती. एक पाठीतला धपाटा, दुसरे बागुलबुवा. हल्लीच्या आयांनी तिसरे आणले आहे. त्याचे नाव 'टाइम-आउट'. आमचा अडीच वर्षांचा नातू कोणाला चावला की सूनबाई हात उगारीत नाहीत. त्याला दोन मिनिटे खिडकीजवळच्या पाटावर बसवतात. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात या पाटावरून पुष्कळ वाद झाला. "एवढ्याशा पोराला वाळीत काय टाकायचे?" असा वन्संचा सवाल.

सवाल रास्त आहे. बालसंगोपनात ही रीत रूढ करणाऱ्यांत आर्थर स्टाट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे नाव प्रथम घेतात. १९६० नंतर त्यांनी ती आपल्या लहानग्या लेकीसाठी वापरली. तिच्या मूळ लांबलचक नावाचा अर्थ एवढाच, की जे हवेहवेसे वाटते त्यापासून थोडा वेळ दूर राहणे.

पण कोपरा त्याहून जुना आहे. मारिया माँटेसरीबाईंनी १९०९ साली आपल्या पुस्तकात तो सांगितला आहे. इतरांना त्रास देणाऱ्या मुलाला त्या कोपऱ्यात स्वतंत्र मेजापाशी, आरामखुर्चीत बसवीत. त्याला आवडीची खेळणी देत, आजाऱ्यासारखे मायेने विचारीत. आणि त्याचे तोंड भिंतीकडे नव्हे, तर काम करणाऱ्या सवंगड्यांकडे असे. माँटेसरीबाईंचे विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून रुजविले. तेथे त्यांच्या जोडीने काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी ते मराठी घरांत पोचविले. शिक्षा आणि लालूच, दोन्ही त्यांना नामंजूर होती.

तेव्हा सारा प्रश्न तोंड कोणीकडे याचा आहे. अंधाऱ्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावणे म्हणजे बागुलबुवालाच नवे नाव देणे. पाट माणसांत हवा, आई नजरेसमोर हवी. चावणे, मारणे एवढ्यापुरताच तो वापरावा. भूक, झोप किंवा रडे यांसाठी नव्हे. आधी एकदा बजावावे. वयाचे जितके वर्ष तितकी मिनिटे, हा सर्वसाधारण ठोकताळा. वेळ संपली की व्याख्यान न देता मुलाला पुन्हा खेळात घ्यावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली मारण्याला आणि लाजविणाऱ्या बोलण्यालाही स्पष्ट विरोध केला आहे.

आम्हा आज्यांना मात्र एक पथ्य पाळावे लागते. सूनबाईंनी बसविलेल्या मुलाला आपण पदराआड घेऊन गूळ द्यायचा नाही. त्याला दोन घरांचे दोन कायदे दिसले, की तो वकील होतो!

आणि सूनबाईंनाही एक सांगणे आहे. वाड्यात एका काकूने रागे भरले, तर दुसरीची मांडी मोकळी असे. आता फ्लॅटमध्ये आई एकटी, आणि तिच्या हाती मोबाइल. जे मूल दिवसभर दूरच आहे, त्याला दोन मिनिटे आणखी दूर बसवून काय कळणार? जवळ घेण्याचे तास भरपूर असतील, तरच त्या दोन मिनिटांना अर्थ आहे.