‘लेडीज पाईप’ कशावरून? एका लेबलातले दोन दावे

जुन्या वस्तूंच्या लिलावात किंवा एखाद्या संग्रहाच्या यादीत छोटी वाटी आणि नाजूक नळी असलेला तंबाखूचा पाईप दिसतो. खाली लिहिलेलं असतं, ‘लेडीज पाईप, १९वं शतक’. या एवढ्याशा ओळीत दोन वेगळे दावे आहेत. वस्तू कधीची, हा एक, आणि ती कोणासाठी बनवली, हा दुसरा. पहिल्याचा पुरावा बऱ्याचदा वस्तूच्या अंगावरच सापडतो. दुसऱ्याचा सहसा सापडत नाही. तरी दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने लिहिले जातात. पीएचडीचा आराखडा लिहायला बसलेल्यांनी हे उदाहरण जरूर बघावं, कारण अशी जोडवाक्यं आपल्या आराखड्यातही भरपूर असतात.

आधी वयाचं बघू, कारण ती गोष्ट खरंच भारी आहे. इंग्लंडमध्ये १६व्या शतकाच्या अखेरीपासून पांढऱ्या मातीचे पाईप बनू लागले आणि तिथून ते अमेरिकेतल्या वसाहतींत गेले. स्वस्त आणि ठिसूळ माल. आज घेतला, थोड्या दिवसांत तुटला, फेकला. त्यामुळे जुन्या वस्त्यांच्या उत्खननात नळीचे तुकडे ढिगाने मिळतात. ओल्या मातीच्या नळीत तार घालून धुराचं भोक पाडत. पुढे नळ्या लांब होत गेल्या तशी तार बारीक होत गेली, असं त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण आहे. जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये व्हर्जिनियातल्या पाईपांवरून दाखवलं की या भोकाचा व्यास काळानुसार घटत जातो. मोजायचं साधन म्हणजे साधे ड्रिल बिट, एकक इंचाचा ६४वा भाग. १६२०-५० च्या काळात ८/६४ व्यास सर्वाधिक, १६८०-१७१० मध्ये ६/६४ आणि १७५०-१८०० मध्ये ४/६४.

१९६२ मध्ये लुईस बिनफोर्ड यांनी त्यातून सरळरेषेचं सूत्र काढलं:

वर्ष = १९३१.८५ − (३८.२६ × सरासरी व्यास)

समजा, एका थरातल्या तुकड्यांचा सरासरी व्यास ५.२ आला. ३८.२६ × ५.२ = १९८.९५. म्हणजे वर्ष साधारण १७३३. मात्र हे त्या थराचं सरासरी वर्ष झालं, हातातल्या एका तुकड्याचं नाही. तुकडे थोडे असतील तर उत्तराला फारसा अर्थ नाही. आणि व्यास शून्य धरलात तर १९३२ साल येतं, म्हणजे तेव्हा पाईपाला भोकच उरलं नाही! रेषा कुठे थांबवायची हे सूत्र सांगत नाही, आपल्याला माहीत असावं लागतं. इथे साधारण १७८० नंतर हे नातं बिघडतं. म्हणजे ‘१९वं शतक’ या लेबलासाठी हे सूत्र वापरताच येत नाही. तिथे वाटीचा आकार, कारागिराची खूण, साच्यातली नक्षी यांवर जावं लागतं.

आता दुसरा दावा. छोटा आहे म्हणून बायकांचा, हा तर्क इतका सहज येतो की तो तर्क आहे हेच कळत नाही. पण १७व्या शतकाच्या सुरुवातीच्या मातीच्या पाईपांच्या वाट्या सगळ्याच इवल्याशा होत्या, कारण तंबाखू महाग होता. तो स्वस्त झाला तशा वाट्या मोठ्या झाल्या. जुने छोटे पाईप शेतात सापडले की लोक त्यांना ‘परीचे पाईप’ म्हणत. म्हणजे लहान आकार इथे काळ सांगतोय, लिंग नाही. एकाच निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणं शक्य असताना त्यातलं एक आपण न तपासता उचलतो. नाजूकपणाचंही तसंच. पाईपावर कोरलेला बाईचा चेहरा बघून तो बाईचा ठरवणं म्हणजे कॅलेंडरवरच्या नटीला घराची मालकीण समजण्यासारखं आहे.

बायका पाईप ओढत नव्हत्या असं मात्र अजिबात नाही. आयर्लंडमध्ये बायका आखूड मातीचे पाईप ओढत. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नी रेचल याही ओढत. पण बायकांनी ओढला म्हणून तो बायकांसाठी बनवला होता असं होत नाही. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या आज्या आठवा. डबीवर ‘बायकांसाठी’ असं कुठे लिहिलेलं असतं?

वापर कोणी केला, याचा पुरावा कधीकधी मिळतो. मेरीलँडमधल्या बेल्वॉर इथे गुलाम म्हणून ठेवलेल्या लोकांच्या निवासाच्या जागी मातीच्या पाईपाच्या नळ्या मिळाल्या. माती सच्छिद्र असल्याने लाळेतला डीएनए तिच्यात मुरतो. ज्युली शॅब्लिट्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका नळीवरचा डीएनए स्त्रीचा निघाला आणि त्याचं साधर्म्य आजच्या सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांशी दिसलं. जिचं नावही कागदावर मिळत नाही, अशी एक बाई फेकलेल्या तुकड्यातून समोर आली. तो पाईप दिसायला ‘लेडीज’ असण्याची गरजच नव्हती. उलट फक्त नाजूक पाईपच बायकांचे मानले, तर अशा सगळ्या बायका हिशेबातून गळतात आणि साधे पाईप आपोआप पुरुषांच्या खात्यात जमा होतात. चुकीच्या वर्गीकरणाची खरी किंमत ही आहे.

दुसरा पुरावा दातांचा. नळी सतत एकाच जागी धरली की दातांना गोल खाच पडते. जुन्या दफनभूमींतल्या सांगाड्यांत ही खाच पुरुषांत जास्त दिसते, पण काही स्त्रियांतही दिसते.

ब्रायर लाकडाचे नंतरचे पाईप वेगळ्या पद्धतीने वाचावे लागतात. ब्रिटिश पाईपाला चांदीची कडी असेल तर हॉलमार्क शोधा: नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं डोकं म्हणजे लंडन. शेजारचं अक्षर वर्ष सांगतं, पण तीच अक्षरं पुन्हा फिरून येतात, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकारही जुळवावा लागतो. आणि हे वर्ष कडीचं, लाकडाचं नाही. कडी बदललेली असू शकते. तोंडाकडचा भाग बेकलाइटचा असेल तर तो १९०७ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तोवर बेकलाइटच नव्हतं. पण तो भागही बदलता येतो.

याच काळातल्या पाईपाबाबत ‘बायकांसाठी बनवला’ हे सिद्ध होण्याची खरी शक्यता आहे, कारण आता मूळ डबी, उत्पादकाचा कॅटलॉग, छापील जाहिरात असं काही शिल्लक असू शकतं. तिथे बनवणाऱ्यानेच तसं म्हटलं असेल तर प्रश्न मिटला. विकणाऱ्याने नंतर चिकटवलेली चिठ्ठी त्यात धरू नये.

हाती फक्त पाईप असेल तर नोंद अशी करावी: ‘ब्रायर, लहान आकार; चांदीच्या कडीवर अमुक वर्षाचा हॉलमार्क; कडी मूळची आहे का ते तपासायचं बाकी; कोणासाठी बनवला याचा पुरावा नाही.’ लिलावात या ओळीला कमी भाव मिळेल, पण तुमच्या मार्गदर्शकांनी लाल पेन उचललं तरी तिच्यात खोडण्यासारखं काही सापडणार नाही.