नाव एक, क्रमांक वेगळा

कोल्हापुरात आमच्या घरी लिनक्सवर चालणारे दोन संगणक आहेत. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पाणीपातळी आमची मुलगी पावसाळ्यात रोज नोंदवते. ही फाइल खालच्या खोलीतल्या संगणकावर असते. माडीवरच्या संगणकावरूनही ती उघडते. ही सोय एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिममुळे होते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने ती १९८४ मध्ये तयार केली. एका संगणकावरचा फोल्डर तिच्यामुळे दुसऱ्यावर जणू तिथलाच असल्यासारखा दिसतो.

माडीवरचा जुना संगणक बंद पडला म्हणून नवा बसवला, तेव्हा फोल्डर दिसेना. अशा वेळी हाताला येईल ते बदलून पाहण्याचा मोह होतो. त्यापेक्षा प्रयोगशाळेतली शिस्त बरी: एका वेळी एकच प्रश्न, एकच बदल.

पहिला प्रश्न: यंत्रे एकमेकांपर्यंत पोचतात का? माडीवरून ‘पिंग’ ही आज्ञा दिली. खालून उत्तर आले. म्हणजे जोडणी ठीक.

दुसरा: खालच्या यंत्रावर एनएफएस चालू आहे का, आणि तिचे २०४९ क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलने अडवलेले नाही ना? तेही ठीक होते.

तिसरा: नव्या यंत्राला प्रवेश आहे का? फोल्डर कोणाला द्यायचा, त्यांचे पत्ते खालच्या यंत्रावरच्या ‘एक्सपोर्ट्स’ या फाइलीत असतात. तिथे जुन्या यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.५ होता, राउटरने नव्याला १९२.१६८.१.७ दिला होता. पत्ता सुधारून यादी पुन्हा वाचायला लावली आणि फोल्डर दिसला. पत्ता पुन्हा बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो राखून ठेवला.

तरीही मुलीला फाइल वाचता येई, लिहिता येईना. शिवाय फाइलीचा मालक म्हणून माडीवर आमचे नाव दिसत होते! खरा धागा इथेच होता.

वर्गात उत्तरपत्रिकेवर नुसता हजेरी क्रमांक लिहिला, तर ५ म्हणजे कोण? ‘अ’ तुकडीत एक, ‘ब’ तुकडीत दुसराच. एनएफएसच्या नेहमीच्या मांडणीत परवानगी नावावरून नव्हे, अशाच क्रमांकावरून ठरते. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत पहिल्या खात्याला १०००, दुसऱ्याला १००१ क्रमांक मिळतो. खाली मुलीचे खाते आधी उघडले होते, माडीवर आमचे. ‘आयडी’ या आज्ञेने दोन्हीकडचे क्रमांक पाहताच हे उघड झाले. नव्या यंत्रावरची खाती काढून, खालच्याशी जुळणारे क्रमांक देऊन पुन्हा उघडली. अडचण मिटली.

‘सर्वांना सर्व परवानगी’ देऊनही फाइल लिहिता आली असती. पण मग कोणाच्याही हातून नोंदी पुसल्या गेल्या असत्या, आणि दोषाचे कारण तसेच दडून राहिले असते.