हातात धरायचा खेळाचा संगणक : कोणासाठी घ्यावा?

नातवाची बार मित्झवा जवळ आली की घरात भेटवस्तूचा विषय निघतो. पूर्वी मनगटी घड्याळ किंवा चांगले फाउंटन पेन दिले की भागत असे. आता मुले ‘स्टीम डेक’, ‘रॉग अ‍ॅलाय’ अशी नावे घेतात. पैसे मात्र बहुधा आजी-आजोबांच्या पाकिटातून जातात. तेव्हा ही वस्तू काय आहे आणि कोणाच्या उपयोगाची आहे, हे आपल्यालाही ठाऊक असावे.

मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणे आणि अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या, असे तिचे रूप. आत मात्र पूर्ण संगणक असतो. अमेरिकेच्या वॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. पडदा ७ इंची, वजन ६६९ ग्रॅम, तेथील सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर. २०२३ मध्ये असूस कंपनीचा रॉग अ‍ॅलाय (६०८ ग्रॅम) आणि लेनोवोचा लीजन गो (८५४ ग्रॅम, पडदा ८.८ इंची) निघाला. २०१७ पासून मिळणारा निन्टेन्डो स्विच दिसतो असाच, पण तो संगणक नव्हे. त्याच्यासाठी काढलेलेच खेळ त्यावर चालतात. म्हणून दुकानात नाव नीट सांगावे.

चप्पल घेताना आपण पाय पाहतो, तसा येथे खेळणारा पाहावा.

पहिला, मित्रांबरोबर इंटरनेटवरून खेळणारा शाळकरी मुलगा. त्याला कोणता खेळ हवा, ते आधी विचारा. ‘फोर्टनाइट’ म्हणाला तर सावध व्हा. स्टीम डेकवर वॉल्व्हची स्वतःची कार्यप्रणाली असते आणि फोर्टनाइट तिच्यावर चालत नाही; लबाडी पकडणारी त्या खेळाची यंत्रणा आड येते. रॉग अ‍ॅलायवर विंडोज असल्यामुळे तो चालतो. पण लहान पडद्यावर विंडोज हाताळणे किचकट, आणि अधूनमधून त्याच्या दुरुस्त्या उतरवून घ्याव्या लागतात. हे न विचारता भेट दिली, तर मुलगा हिरमुसतो आणि देणाऱ्यालाही वाईट वाटते.

‘यावर अभ्यासही होईल’ असे मुले सांगतात. ते खोटे नाही. कीबोर्ड आणि मोठा पडदा जोडता येतो. पण मुख्य गरज अभ्यासाची असेल तर त्याच पैशांत साधा लॅपटॉप घेणे शहाणपणाचे.

दुसरा, घरापासून दूर राहणारा. आपल्या कोकणातली कितीतरी मुले आज आखातात नोकरी करतात. ओमानच्या किनाऱ्यावर, सोहार बंदराच्या बाजूला, सहम नावाचे गाव आहे. अशा ठिकाणी तिघा-चौघांत एक खोली घेऊन राहणारा तरुण डोळ्यांपुढे आणा. संगणक मांडायला टेबल नाही, शेजारच्या खाटेवर रात्रपाळीचा सोबती झोपलेला, आणि करार संपला की सगळे सामान बॅगेत भरायचे. त्याला ही वस्तू खरोखर सोयीची. कानाला हेडफोन लावावा. एकट्याने खेळायचे पुष्कळ खेळ एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो; ओमानमध्ये ब्रिटिश पद्धतीच्या तीन चपट्या पायांची पिन तेवढी लागते. विमानात ती हातातल्या बॅगेत न्यावी. लष्करातून बसने घरी येणाऱ्या आपल्या नातवालाही हीच सोय लागू पडते.

तिसरा, ज्याच्या घरी आधीच जोरकस संगणक आहे तो. त्याला हे दुसरे यंत्र म्हणून ठीक; पहिल्याची जागा ते घेणार नाही. आणि बसथांब्यावर पाच मिनिटे रंगीत गोळ्या जुळवणाऱ्याला हातातला फोन पुरेसा आहे.

आता आपण स्वतः. पाऊण किलोच्या आसपास वजन तासभर उचलून धरणे सांधेदुखीच्या बोटांना जड जाते, आणि पडद्यावरची अक्षरे बारीक असतात. पत्ते, बुद्धिबळ यांसाठी टॅब्लेट बरा. मात्र हेच यंत्र तारेने टीव्हीला जोडता येते. नातू आणि आपण एकेक नियंत्रक हातात घेऊन शेजारी बसलो, तर भाषा अडली तरी खेळ अडत नाही. ज्या घरात नातवाचे मराठी संपले आहे आणि आजीचे हिब्रू तोकडे आहे, तेथे हा लाभ लहान नाही.

बॅटरीची कल्पना असावी. पहिल्या स्टीम डेकसाठी कंपनीनेच २ ते ८ तास सांगितले होते. खेळ जितका भारी, तितकी ती लवकर उतरते. स्टीमच्या दुकानातून घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. तेथे कुटुंबाची व्यवस्था आहे. आईवडिलांना खेळाचे तास बांधून देता येतात. शब्बाथचा नियम मात्र घरानेच सांगायचा.

पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : कोणते खेळ खेळणार? कुठे बसून? दिवसाला किती वेळ? बिघडले तर दुरुस्ती कोण करणार? उत्तरे नातवाकडून घ्यावीत, आणि त्याच्या आईवडिलांनाही विचारावे. मग देण्यात काही हरकत नाही.