सकाळी ठोकतं, घाटात मोकळं होतं

निफाडला जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे माल घेऊन निघालेली डिझेल गाडी सेल्फ मारल्यावर खडखडाट करत उठते. गिअरचा दांडा थरथरतो, सायलेन्सरमधून पांढरट धूर निघतो आणि पाय दाबला तरी गाडी जड-जड चालते. नाशिक ओलांडेपर्यंत मात्र तिचा नूर पालटलेला असतो. आवाज भरीव होतो, थरथर जाते आणि कसाऱ्याहून परत चढताना तीच गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घाट ओढून काढते. ड्रायव्हर म्हणतात, ‘गाडी मोकळी झाली.’

डिझेल गाडीबद्दल आपल्याकडे मायलेज आणि पिकअप या दोन गोष्टींवर तासन्‌तास गप्पा होतात. तापमानाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते या इंजिनाचा सगळा स्वभाव तापमानातच आहे, आणि टर्बो बसवल्यावर तर तो दुपटीने तिथे आहे.

हे समजून घ्यायला एक ओळखीचं इंजिन समोर ठेवू. फियाट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून घडवलेलं १.३ लिटर मल्टिजेट २००३ मध्ये युरोपात आलं. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमधून भारतीय रस्त्यांवर उतरलं. पुढे डिझायर, अर्टिगा, टाटांची इंडिका व्हिस्टा, फियाटची लिनिया आणि पुन्टो अशा कितीतरी गाड्यांत तेच बसलं. स्विफ्टसाठी ते मानेसरला बनत होतं आणि टाटा-फियाटसाठी पुण्याजवळ रांजणगावला. मोटारींवर लिहिणारी मंडळी त्याला भारताचं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागली होती, आणि ते योग्यच होतं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, ६९.६ मिलिमीटरचा बोअर, ७५ हॉर्सपॉवर आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क. ज्याने ज्याने ते चालवलं त्याला त्याची खोडही पाठ आहे. दोन हजार आरपीएमच्या खाली फारसा जीव नाही, आणि काटा दोन हजारांवर गेला की पाठीमागून कुणीतरी ढकलावं तशी गाडी सुटते. इंजिन थंड असताना ही खोड आणखी ठळक होते.

मुळापासून सुरुवात करायची तर डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग वेळ ठरवून आग लावतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते आणि तिच्यात फवारलेलं इंधन स्वतःहून पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला याच तत्त्वावरचं इंजिन चालवून दाखवलं. इंधनातल्या उष्णतेचा २६ टक्के भाग ते कामात बदलत होतं, आणि त्या काळची वाफेची इंजिनं त्याच्या जवळपासही नव्हती. ही किमया हवेच्या तापमानावर उभी होती आणि आजही तशीच उभी आहे.

मल्टिजेटमध्ये हवा साधारण अठरा पट दाबली जाते. पुस्तकी हिशेब केला तर १५ अंशांची हवा एवढ्या दाबाने ६४० अंशांच्या आसपास जायला हवी. डिझेल पेटायला सव्वादोनशे-अडीचशे अंश पुरतात, म्हणजे वरकरणी उष्णता भरपूर आहे. पण हा हिशेब हवेतली उष्णता बाहेर जात नाही असं धरून केलेला असतो. थंड इंजिनात पिस्टन थंड, हेड थंड, सिलिंडरच्या भिंती थंड. दाबली जाणारी हवा तापता तापताच या धातूला उष्णता देऊन बसते. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे फेरे घेतं, त्यामुळे उष्णता निसटायला वेळही भरपूर मिळतो आणि रिंगांच्या फटीतून थोडी हवाही पळते. मग ६४० ऐवजी चारशेच्या घरातलं तापमान हाती लागतं. इंधन पेटतं, पण रेंगाळत.

सकाळचा तो टकटक आवाज या रेंगाळण्यातून येतो. नोझलमधून डिझेल आत आलं की त्याच्या थेंबांची वाफ व्हावी लागते, ती हवेत मिसळावी लागते आणि मग ते पेटतं. या मधल्या वेळेला इग्निशन डिले म्हणतात. तो हजारांश सेकंदात मोजायचा असतो, पण दोन हजार आरपीएमला एका हजारांश सेकंदात क्रँक बारा अंश फिरलेला असतो, म्हणून एवढासा उशीरही मोठा ठरतो. इंजिन गरम असेल तर डिझेलचे पहिले थेंब लगेच पेटतात आणि मागून येणारं इंधन त्या आगीत शांतपणे जळत जातं. इंजिन थंड असेल तर पहिले थेंब पेटायच्या आतच बरंच डिझेल आत साचतं आणि नंतर सगळं एकदम भडकतं. दाब झटक्यात वाढतो, पिस्टनवर हातोडा बसावा तसा धक्का बसतो आणि तो ठोका आपल्याला बोनेटबाहेर ऐकू येतो. जे थेंब थंड भिंतीवर चिकटले आणि पेटलेच नाहीत, ते सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन बाहेर पडतात. ओल्या लाकडांची चूल धुमसते तसंच हे.

पंपावर चालणाऱ्या जुन्या इंजिनांना या ठोक्यावर फारसा इलाज नव्हता. एका फेरीत एकदाच फवारा व्हायचा, आणि जे व्हायचं ते व्हायचं. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून कॉमन रेल आलं आणि हे चित्र बदललं. सगळ्या नोझलांना एका सामाईक नळीतून सतत हजार-दीड हजार बारच्या दाबाने डिझेल मिळू लागलं. फवारा कधी आणि किती, हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवू लागला. आधी अगदी चिमूटभर डिझेल सोडून ते पेटवायचं, आतली हवा त्याने तापवायची आणि मग मुख्य फवारा द्यायचा, ही युक्ती शक्य झाली. मल्टिजेट ही तिची पुढची पायरी होती. एका आवर्तनात पाच वेळांपर्यंत फवारा देता येऊ लागला. या इंजिनाच्या मोठेपणाचं खरं कारण मला तरी इथेच दिसतं. शिवाय प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग आहे. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचं पिवळं चिन्ह दिसतं ना, ते त्याचंच. हा प्लग काही सेकंदांत लाल होतो आणि गाडी सुरू झाल्यावरही थोडा वेळ तापत राहू शकतो. चारपैकी एखादा प्लग गेला तर उन्हाळ्यात पत्ताही लागत नाही. डिसेंबर उजाडला की गाडी सुरू होताना एका सिलिंडरवर मिस मारते आणि मग सगळ्यांना फिटरची आठवण होते.

थंडीने डिझेलच घट्ट होतं, असं पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्रातल्या थंडीत ते होत नाही. लडाखमध्ये होतं. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, आणि म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल तिथे आणलं. आपल्याकडे घट्ट होतं ते इंजिन ऑइल. ५डब्ल्यू-३० जातीचं ऑइल शंभर अंशांना जेवढं पातळ असतं, त्याच्या जवळजवळ सहा पट घट्ट ते चाळीस अंशांना असतं आणि दहा अंशांना वीस पटींहूनही जास्त. क्रँक, कॅम, पंप, सगळं या घट्ट ऑइलमधून फिरवायचं म्हणजे ताकदीचा मोठा वाटा आतच खर्च होतो. त्यात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. सत्तर मिलिमीटरचा पिस्टन शंभर अंशांनी तापला की ०.१६ मिलिमीटरने फुगतो आणि बोअर त्याच्या निम्म्यानेच. म्हणजे थंड असताना पिस्टनला बाजूने हलायला जास्त जागा असते. सकाळच्या खडखडाटात त्याचाही हात आहे.

आता टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक टर्बाइन फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. लहान गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेऊ शकतो. तो वायूच्या नुसत्या झोतावर फिरतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्याचं खरं अन्न उष्णता आहे. वायू टर्बाइनमधून जाताना थंड होतो, प्रसरण पावतो आणि तिथे गमावलेली उष्णता दांड्याला मिळते. पूर्ण भाराखाली डिझेलचा वायू सातशे-आठशे अंशांनी टर्बाइनवर आदळतो. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत तो शंभर-दोनशे अंशांचाच असतो.

थंड इंजिनात त्या वायूला टर्बोपर्यंत पोचताना थंड हेड, थंड मॅनिफोल्ड आणि थंड टर्बाइनच्या बिडाच्या घरातून जावं लागतं. ते सगळं लोखंड आधी स्वतः तापतं, मगच टर्बोला काही उरतं. त्यात टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, आणि ते ऑइलही घट्ट. परिणामी टर्बो उशिरा जागा होतो. पुढची साखळी आणखी वाईट आहे. आत किती हवा आली हे ईसीयू मोजत असतो आणि हवा कमी असेल तर काळा धूर होऊ नये म्हणून डिझेलही कमी सोडतो. डिझेल कमी म्हणजे वायूत उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे टर्बो आणखी सुस्त. बाराशे सीसीच्या इंजिनाला टर्बोशिवाय स्वतःची ताकद ती किती! म्हणून मल्टिजेटची सकाळची दोन हजारांखालची ओढ इतकी दुबळी वाटते. लोखंड तापलं की हीच साखळी उलट दिशेने फिरते आणि गाडी ‘मोकळी’ होते.

काही जाणते ड्रायव्हर मात्र सांगतात की थंडीत गाडी जास्त पळते. तेही खोटं नाही, कारण थंड हवा आणि थंड इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा अंशांची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते. इंजिन तापलेलं, बाहेर गारवा आणि टर्बोकडून येणारी हवा गार करणारा इंटरकूलर थंडगार, अशा वेळी प्रत्येक घोटात जास्त प्राणवायू आत जातो. डिसेंबरच्या रात्री खंबाटकी घाट चढताना गाडी जशी ओढते तशी मे महिन्याच्या दुपारी ओढत नाही, ते यामुळेच. आणखी एक कारण आहे. जळलेल्या वायूचा काही भाग परत आत घेणारा ईजीआर व्हॉल्व्ह बऱ्याच इंजिनांत थंड असताना बंद किंवा जवळजवळ बंद ठेवलेला असतो. तेव्हा इंजिनाला स्वच्छ हवा मिळते आणि पहिल्या काही मिनिटांत हलक्या पायाने चालवताना ते उलट तरतरीत वाटू शकतं. दोन्ही अनुभव खरे आहेत, पण त्यांची कारणं वेगळी आहेत.

गाडी दहा मिनिटं जागेवर सुरू ठेवून तापवायची सवय मात्र सोडायला हवी. डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं, म्हणूनच ते लवकर तापत नाही. रिकामं चालताना ते इतकं थोडं इंधन जाळतं की हिवाळ्यात वीस मिनिटांनीही काटा मधोमध येत नाही. उलट अर्धवट जळलेलं डिझेल भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि नोझलवर काजळी धरते. पहाटे डेपोत एसटी बराच वेळ सुरू ठेवलेली दिसते, पण तिथे ब्रेकच्या टाक्यांत हवेचा दाब भरायचा असतो. आपल्या मोटारीला ते कारण नाही. पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल तापायला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, हेही लक्षात ठेवावं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि १.३ मल्टिजेटचा भारतातला प्रवास संपला. नव्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आला. तो साफ होण्यासाठी त्याच्यातली काजळी जाळावी लागते आणि त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास वायू लागतो. रोज घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो कधीच तापत नाही, तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. पूर्वी थंड इंजिनाचा त्रास फक्त कानाला होता, आता तो खिशालाही आहे.

तेव्हा वाचकांना सांगणं इतकंच. सेल्फ मारल्यावर अर्धा मिनिट थांबा, ऑइल टर्बोपर्यंत पोचू द्या आणि निघा. पहिले सात-आठ किलोमीटर अडीच हजार आरपीएमच्या आत हलक्या पायाने चालवा. घाट चढून किंवा एक्स्प्रेसवेवरून येऊन थांबलात तर लगेच किल्ली काढू नका, एखादं मिनिट इंजिन चालू ठेवा, नाहीतर लालबुंद टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. आणि तुमची रोजची धाव चार-पाच किलोमीटरची असेल तर डिझेल गाडी घेऊच नका.