आधी काढायला शिका

लेन्स लावायला शिकवण्याची सुरुवात हात धुण्यापासून होते. पुण्यातल्या एका नेत्रतपासणी केंद्रात कॉलेजात शिकणारी एक मुलगी पहिल्यांदाच लेन्स घालायला बसली आहे. दोन्ही डोळ्यांना मायनस पाच, शाळेत असल्यापासून चष्मा. आरशासमोर बसायच्या आधी ऑप्टोमेट्रिस्ट तिला बेसिनकडे पाठवतात. साबण साधा हवा, सुगंधी किंवा क्रीम मिसळलेला नको, कारण त्याचा पातळ थर बोटांवर राहतो आणि लेन्सला चिकटतो. धुतलेले हात पुन्हा नीट पुसायचे, तेही धागे न सोडणाऱ्या कागदाने. बोट ओलं असेल तर मऊ लेन्स बोटालाच धरून बसते. कोरड्या बोटावरून मात्र ती ओल्या डोळ्यावर चटकन उतरते.

त्याआधीची तपासणी झालेली आहे. कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा बाक मोजला, स्लिट लॅम्पखाली पापण्यांच्या कडा पाहिल्या, अश्रू पुरेसे आहेत ना ते पाहिलं. चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद दाखवून लेन्स मागणाऱ्यांना हा खटाटोप जास्तीचा वाटतो, पण तो जास्तीचा नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर लांब असते आणि लेन्स डोळ्यावरच बसते. त्यामुळे मोठा नंबर बदलतो. या मुलीचा चष्मा मायनस पाचचा असला तरी तिला लेन्स मायनस पावणेपाचची लागली. बाक आणि व्यासही जुळावे लागतात. लेन्स घट्ट बसली तर खालचे अश्रू खेळते राहत नाहीत, सैल असली तर पापणीबरोबर घसरते आणि नजर स्थिर होत नाही.

ट्रायल लेन्स बोटाच्या टोकावर येते. सव्वाचौदा मिलिमीटरच्या आसपास व्यास, मध्यभागी जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. ती उलटी तर नाही ना, हे उजेडाकडे धरून बघायचं. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील तर सुलट, बाहेर फाकल्या असतील तर उलट.

पुढचा सगळा झगडा पापणीशी असतो. बोट जवळ आलं की डोळा मिटणारच, निसर्गाने त्याला तसंच घडवलं आहे. "मॅडम, आपोआप मिटतोय," मुलगी म्हणते. "मिटू दे. तू पापणी मधे धरू नकोस, पापणीच्या केसांच्या मुळाशी धर. दुसराही डोळा उघडा ठेव." डाव्या हाताने वरची पापणी अगदी कडेला दाबून धरली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढली, की मिटायला जागाच उरत नाही. लेन्स टेकते. "आता लगेच सोडू नकोस. खाली बघ. मग हळूच सोड." खाली पाहताना मधली हवा निघून जाते, लेन्स बसते. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, ती दोन-तीनदा उघडझाप करते आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचू लागते. मायनसच्या जाड काचेतून वस्तू थोड्या लहान दिसतात, कडेला वाकड्या होतात. आता खोली मोठी वाटते आणि मान न वळवता दारातला माणूस स्पष्ट दिसतो.

या सुखामागे प्रागमधला एक रसायनशास्त्रज्ञ आहे. ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लीम यांनी पाणी शोषून मऊ होणारं पॉलिमर शोधलं होतं, पण त्याची नीट लेन्स घडत नव्हती. संशोधनाचं पाठबळ थांबल्यावर विख्टरले यांनी 1961च्या नाताळात मुलांच्या 'मेर्कुर' खेळातल्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच यंत्र केलं. फिरत्या साच्यात पॉलिमर बनणारा द्रव पसरून लेन्स तयार झाल्या. पुढे आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलमधून प्राणवायू अधिक जातो, आणि ते मोलाचं आहे, कारण कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः थेट हवेतून घ्यावा लागतो. लेन्स लावून झोपू नये ते याचसाठी. मिटल्या पापणीखाली आधीच हवा कमी असते आणि जंतूंना आयती संधी मिळते. तसं झोपल्याने संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते.

लेन्स काढताना ती मुलगी जास्त घाबरते. "मागे गेली तर?" ती मागे जाऊ शकत नाही. पापणीच्या आतलं नाजूक आवरण दुमडून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतं, पलीकडे वाटच नाही. फार तर ती वरच्या पापणीखाली अडकेल, आणि तिथून ती निघते. वर बघायचं, लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि अंगठा-तर्जनीच्या मऊ भागाने चिमटीत घ्यायची. नखं लागू द्यायची नाहीत. हे तिला स्वतःला पुन्हापुन्हा जमल्याखेरीज तिच्या हाती लेन्स देत नाहीत. असंच असायला हवं. लावून देऊन "घरी जमेल" म्हणणारा दुकानदार ग्राहकाच्या डोळ्याशी खेळतो.

मग पाण्याचा विषय निघतो, आणि इथे ऑप्टोमेट्रिस्टचा आवाज कडक होतो. नळाचं पाणी लेन्सला लागता कामा नये. नळात, गच्चीवरच्या टाकीत, पोहण्याच्या तलावात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो कवच करून राहिला की क्लोरीनलाही दाद देत नाही. कॉर्नियात शिरला तर वेदना भयंकर असतात, उपचार महिनोन्महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. म्हणून अंघोळीआधी, पोहण्याआधी आणि रंगपंचमीला लेन्स काढून ठेवायच्या. महिनाभर वापरायच्या लेन्स रोज सोल्युशनने तळहातावर चोळून धुवायच्या. डबीतल्या उरलेल्या सोल्युशनमध्ये नवीन घालायचं नाही, ते ओतून टाकायचं. डबीसुद्धा दर तीन महिन्यांनी बदलायची. एवढं रोज होणार नसेल तर रोज फेकायच्या लेन्स घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट, चाळिशीला आलेल्यांसाठी. मायनस नंबरवाल्यांना चष्म्याची जवळच्या वाचनात थोडी मदत होत असते, लेन्समध्ये ती जाते. त्यामुळे लेन्स लावल्यावर मोबाइल लांब धरावा लागला तर लेन्स बिघडली असं समजू नये.

आणि वय काहीही असो, एक काम प्रत्येकाने करावं. चष्मा मोडीत काढू नये, ताज्या नंबरचा जवळ ठेवावा. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स ताबडतोब काढा, पुन्हा लावू नका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना लेन्स आणि तिची डबी बरोबर न्या. जंतू कोणता, हे कधीकधी त्या डबीतून कळतं.