भट्टीशेजारची सोबत

पहाटे ४.३०. मारुंजीहून हिंजवडी फेज दोनकडे जाणाऱ्या आमच्या गाडीत सगळ्याजणी पेंगत असतात. मी एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये सुपरवायझर आहे. गाडीत मी मनात १३९ वं स्तोत्र म्हणते. माणूस कुठंही गेला तरी देव तिथं आधीपासून असतो, असं ते सांगतं. आईनं राहुरीत लहानपणीच माझ्याकडून ते पाठ करून घेतलं. तेव्हा थोडी भीती वाटायची, आता त्याच स्तोत्रानं धीर येतो.

५.१५. गॅस सुरू, पोहे भिजवायचे, कणीक मळायला लावायची. प्रार्थनेसाठी वेगळी जागा नाही, वेळही नाही. हेअर नेट बांधताना एवढंच म्हणते, 'प्रभू, तू इथं आहेस.' मग कांदा मोजून घेते.

८.००. नाश्ता. रात्रपाळी संपवून निघालेली आणि नुकती आलेली मुलं एकाच रांगेत. यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

११.००. दिवसातला सगळ्यात अवघड तास. चपात्यांचा ढीग व्हायचाय, डाळीला फोडणी पडायचीय, भट्टीजवळ उभं राहवत नाही. या वेळी मला ब्रदर लॉरेन्स आठवतो. सतराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस आधी सैनिक होता, लढाईत जखमी झाला, लंगडा झाला आणि १६४० साली पॅरिसच्या कार्मेलाईट मठात आला. त्याला काम मिळालं स्वयंपाकघरातलं, आणि नेमकं तेच त्याला मुळीच आवडायचं नाही. तरी भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलत राहायचं, हीच त्यानं आपली साधना केली. १६९१ मध्ये तो गेल्यावर त्याची पत्रं आणि संभाषणं एका पाद्र्यानं छापली. ते छोटं पुस्तक जगभर पोचलं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: त्याच्या लेखी प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ वेगळी नव्हती. शांती म्हणजे गोंगाट थांबणं असतं, तर आम्हा कँटीनवाल्यांच्या वाट्याला ती कधी आलीच नसती.

१.००. जेवणाची झुंबड. एकजण गार डाळीवरून सगळ्यांसमोर तोंडाला येईल ते बोलतो. गळा दाटून येतो. त्या क्षणी देव जवळ आहे असं वाटत नाही, हे खरं सांगते. तरीही तो असतो. माझ्या वाटण्यावर त्याचं असणं टांगलेलं नाही. डाळ बदलून देते.

४.००. सगळ्या पदार्थांचे नमुने डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवले की चहा. चपात्या करणाऱ्या मावशी देहूजवळच्या, माळकरी. त्या म्हणतात, "ताई, आमचं नाम काम करताच चालतं बघा." मी त्यांना रेव्हरंड टिळकांविषयी सांगते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आमच्या मंडळीत त्यांचे अभंग टाळांवर म्हटले जातात. मावशींना त्यात नवल वाटत नाही. "मग देव लांब कसा राहील?" म्हणतात आणि कप विसळायला उठतात.

६.००. शिवाजी चौकात गाडी अडकते. आईचा फोन. "जेवलीस का गं?" याच्या पुढचा प्रश्न ठरलेला: "प्रार्थना केलीस?" मी म्हणते, "चपात्यांबरोबर चालूच होती, आई."

८.००. वाकडला एका घरी प्रार्थनासभा. नगर, जालन्याकडून कामासाठी आलेली आमची कुटुंबं. यजमानांच्या मुलाला कंपनीनं राजीनामा द्यायला सांगितलाय. पाळकसाहेब प्रार्थना करतात, बायका डोळे पुसतात, तो मात्र कोरडा बसलेला. नंतर मला स्वयंपाकघरात गाठून विचारतो, "मावशी, देव सोबत असेल तर मला काहीच का जाणवत नाही?"

सगळं ठीक होईल, असं मी त्याला सांगत नाही. लॉरेन्सची उरलेली हकीकत सांगते: सुरुवातीची सुमारे दहा वर्षं त्याला आतून फार क्लेश होते. आपण देवाला नकोसे झालोय, असं त्याला वाटायचं.

"दहा वर्षं?"

"हो. आणि त्या काळातही तो देवाशी बोलायचा थांबला नाही."

तो थोडा वेळ ओट्याला टेकून उभा राहतो. मग पुस्तकाचं नाव विचारतो आणि मोबाईलमध्ये लिहून घेतो.