पानाची खूणभाषा : एचटीएमएलचा प्राथमिक परिचय

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी हस्तलिखितावर खुणा करून ते मुद्रणालयात पाठवीत. ही ओळ शीर्षक समजावी, येथे नवा परिच्छेद धरावा, अशा त्या सूचना असत. त्या छापावयाच्या नसत. जुळाऱ्याने वाचून पाळावयाच्या असत. संगणकावरील वेबपान ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात ती याच जातीची खूणभाषा होय. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत विश्वव्यापी जालाची योजना मांडली व पुढे त्यासाठी ही भाषा सिद्ध केली. सर्नने १९९३ मध्ये जालाचे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले.

साधने थोडकीच लागतात. नोटपॅडमध्ये मजकूर लिहावा, फाइलच्या नावापुढे टिंब देऊन एचटीएमएल ही चार रोमन अक्षरे जोडावीत व ती ब्राउझरमध्ये उघडावी. इंटरनेटची जोडणी नसली तरी अडत नाही.

अंकगणितातील 'पेक्षा लहान' व 'पेक्षा मोठे' ही चिन्हे विद्यार्थ्यांस ठाऊक असतात. त्यांच्यामध्ये रोमन अक्षरांत खुणेचे नाव लिहिले की खूण तयार होते. 'पी' म्हणजे परिच्छेद. 'एच' व पुढे १ ते ६ पैकी अंक म्हणजे त्या त्या पायरीचे शीर्षक. भाग संपला की तीच खूण नावाआधी तिरकी रेघ देऊन पुन्हा लिहावयाची. नवशिक्या नेमका हीच विसरतो आणि मग उरलेले सारे पान शीर्षकाच्या ठळक अक्षरांत उमटते!

शीर्षक केवळ ठळक करून भागणार नाही काय, असे अनेकांस वाटते. डोळसास भागेल. दृष्टिहीन वाचक मात्र पडदावाचकाकडून पान ऐकतो व एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. शीर्षकाची खूण नसेल तर त्यास सारे पान ओळीने ऐकत बसावे लागते. सूचनेचे छायाचित्र काढून तेच पानावर चिकटविण्याची सवय तर त्याहून वाईट. चित्राच्या खुणेत 'ऑल्ट' या नावाने वर्णन दिले नसेल, तर त्या सूचनेतील एक अक्षरही त्याच्यापर्यंत खात्रीने पोहोचत नाही.

मराठी पानास आणखी दोन गोष्टी अगत्याच्या आहेत. आरंभीच्या 'एचटीएमएल' खुणेत 'लँग' पुढे 'एमआर' लिहावे, म्हणजे मजकूर मराठी आहे हे पडदावाचकास कळते. 'हेड' भागातील 'मेटा' खुणेत 'चारसेट' पुढे युटीएफ-८ लिहावे व फाइलही त्याच संकेतात जतन करावी. अन्यथा देवनागरीऐवजी भलतीच चिन्हे दिसण्याचा संभव असतो. विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेल्या जुन्या मराठी फाइली ज्यांनी हाताळल्या, त्यांस हा त्रास निराळा सांगावयास नको.

प्रारंभी पालकसभेची सूचना घ्यावी. शाळेचे नाव 'एच१' मध्ये, सभेचा विषय 'एच२' मध्ये, दिवस व वेळ परिच्छेदात. फाइल अँड्रॉइड फोनवर घेऊन टॉकबॅक चालू करावे (ते चालू असता प्रत्येक बटण दोनदा टिचकी मारून दाबावे लागते) आणि डोळे मिटून सूचना ऐकावी.